बालकर्करोग संशोधनासाठी निधी-धाव: नाशिकमध्ये आयोजनाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

धाव भरवणं त्यामानाने सोपं आहे. टी-शर्ट येतात, ढोल वाजतो, फोटो निघतात. आठवड्याने हिशेबाला बसलं की कळतं, चारशे लोक धावले, पण संशोधनासाठी उरले सात-आठ हजार, आणि तेही कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यात. पुढे पावती कोण देणार, पैसे कुठे पाठवायचे, कशासाठी पाठवायचे, यावर समितीत वाद सुरू होतात.

खालचा क्रम ३, ५ आणि १० किलोमीटरच्या, तीनशे ते पाचशे लोकांच्या धावेसाठी आहे. हाताशी किमान १२ आठवडे हवेत. क्रम उलटा करू नका. आधी पैशाचा मार्ग ठरवा, रस्त्याचा मार्ग त्यानंतर.

## टप्पा १: पैसा नेमका कशाला, हे कागदावर आणा (१२ आठवडे आधी)

फलकावर ‘संशोधनासाठी’ लिहायचं आणि पैसे एखाद्या मुलाच्या औषधांना द्यायचे, ही सगळ्यांत सर्रास होणारी चूक. औषधांना पैसे देणं चांगलंच काम आहे, पण देणगीदाराला सांगितलं एक आणि केलं दुसरं, हे चालत नाही. कामं तीन प्रकारची असतात:

- उपचाराला मदत: औषधं, तपासण्या, शस्त्रक्रियेचा खर्च.
- कुटुंबाला आधार: राहणं, जेवण, प्रवास, समुपदेशन. नाशिकहून मुंबईला उपचारासाठी महिनोन्‌महिने राहणाऱ्या घरांना याची मोठी गरज असते.
- संशोधन: क्लिनिकल ट्रायल, प्रयोगशाळेतल्या चाचण्या, रुग्णांच्या नोंदी ठेवणारा माणूस, बऱ्या झालेल्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा.

संशोधन म्हटलं की लोकांना सूक्ष्मदर्शक आठवतो. प्रत्यक्षात पैसा अडतो तो साध्या ठिकाणी. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. त्यात उपचारांनंतर शरीरात किती थोड्या कर्करोगपेशी उरल्या आहेत हे मोजावं लागतं आणि पुढचा उपचार किती तीव्र ठेवायचा ते त्यावर ठरतं. ती मोजणी, तिची नोंद आणि त्या नोंदींचं विश्लेषण हेच संशोधनाचं रोजचं काम. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे श्रीमंत देशांत ८० टक्क्यांहून अधिक मुलं बरी होतात, तर अनेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३० टक्क्यांहून कमी. ही दरी कमी करायची तर आपल्याकडच्या मुलांना कोणती उपचारपद्धती किती सोसते आणि किती लागू पडते, याचा अभ्यास आपल्याकडेच व्हायला हवा.

म्हणून संस्था निवडताना ‘तुम्ही बालकर्करोगावर काम करता का’ एवढं विचारून थांबू नका. मुंबईतलं टाटा मेमोरियल सेंटर आणि त्याचं खारघरचं अ‍ॅक्ट्रेक (कर्करोग उपचार-संशोधन केंद्र) इथे उपचारांबरोबर संशोधनही चालतं. अशा संस्थेच्या देणगी विभागाला पत्र लिहा आणि उत्तर लेखी मागा. पत्रात पाच प्रश्न असावेत:

1. देणगी बालकर्करोग संशोधनासाठीच राखून ठेवता येईल का? कोणत्या प्रकल्पासाठी किंवा निधीसाठी?
2. प्रशासकीय खर्चापोटी किती टक्के कापले जातात?
3. देणगीदाराने पैसे थेट कोणत्या खात्यात किंवा दुव्यावर भरायचे, आणि आमच्या धावेची रक्कम वेगळी ओळखू यावी म्हणून कोणता संकेत लिहायचा?
4. करसवलतीचं प्रमाणपत्र कोण, कधी देणार?
5. पैसे कसे वापरले याचा अहवाल किती महिन्यांनी मिळेल?

संस्थेचं नाव आणि बोधचिन्ह फलकावर वापरायलाही लेखी परवानगी लागते. ती याच पत्रात मागून घ्या.

तपासणी: उत्तर हातात येईपर्यंत पोस्टर छापायचं नाही, नोंदणीही उघडायची नाही.

## टप्पा २: पैशाची वाट (११ आठवडे आधी)

इथे एकच नियम: देणगी धावणाऱ्या गटाच्या हातून जाऊ नये. देणगीदाराने संस्थेच्या खात्यातच भरावी. संस्थेचाच क्यूआर कोड, संस्थेचीच पावती. आयोजकांकडे फक्त नोंदणीशुल्क येईल आणि ते खर्चाला जाईल. हे दोन ओढे कुठेही मिसळू देऊ नका.

‘आधी माझ्या नंबरवर पाठवा, मी एकत्र भरतो’ असं म्हणणारा माणूस प्रामाणिकच असतो. पण मग करसवलत देणगीदाराला मिळत नाही, ती रक्कम त्या माणसाच्या खात्यात उत्पन्नासारखी दिसते, आणि दोनशे छोट्या रकमा कुणी कशासाठी पाठवल्या हे महिन्याभराने त्यालाही आठवत नाही.

नोंदणीकृत न्यास नसलेल्या गटाने धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१-सी प्रमाणे धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळं वर्गणीसाठी घेतात तीच. मंडळात काम केलेला कार्यकर्ता समितीत असेल तर हा अर्ज त्याच्याकडे द्या. एखादा नोंदणीकृत न्यास सहआयोजक असेल तर काम हलकं होतं, पण मग हिशेब त्याच्याच वहीत गेला पाहिजे.

करसवलतीबाबत लोकांना हमखास चुकीचं सांगितलं जातं. ८०-जी म्हणून सगळे ओळखतात त्या सवलतीबद्दल एवढं पक्कं लक्षात ठेवा:

- रोख २,००० रुपयांपेक्षा जास्त देणगीवर सवलत नाही.
- नवीन करप्रणाली निवडलेल्या माणसाला ही सवलत मिळत नाही.
- नोंदणीशुल्क ही देणगी नव्हे. त्या बदल्यात बिब (छातीवर लावायचा क्रमांक), नाश्ता, पदक मिळतं, म्हणून शुल्काच्या पावतीवर ८०-जी लिहायचं नाही.
- साधी पावती पुरत नाही. संस्था आयकर विभागाकडे देणग्यांचं विवरण भरते आणि त्यातून निघणारं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी नाव, पत्ता आणि पॅन बिनचूक हवेत.

इशारा, परदेशातले नातेवाईक: भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी माणूस आपल्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देतो तेव्हा ती परकीय देणगी धरली जात नाही. अमेरिकेचं किंवा ब्रिटनचं नागरिकत्व घेतलेल्या भावाची मात्र धरली जाते, मग त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) असलं तरी. ती फक्त एफसीआरए (परकीय देणगी कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेला, तिच्या ठरलेल्या खात्यातच देता येते. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर क्यूआर कोड टाकण्याआधी हे लिहून टाका.

## टप्पा ३: तारीख

जगभर सप्टेंबर हा बालकर्करोग जागृतीचा महिना, सोनेरी रिबिनीचा. १५ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय बालकर्करोग दिन. नाशिकसाठी फेब्रुवारी घ्या. सप्टेंबरात पाऊस गेलेला नसतो, रस्ते खड्ड्यांचे असतात, पोलीस गणपती विसर्जनाच्या बंदोबस्तात गुंतलेले, आणि पाठोपाठ पितृपक्षात रामकुंडावर गर्दी. फेब्रुवारीत हवा कोरडी आणि थंड असते. शिवाय ३१ मार्च जवळ असल्याने देणगी त्याच आर्थिक वर्षात बसते, आणि लोक तेव्हा कराचा विचार करतच असतात.

फेब्रुवारीच्याही अडचणी आहेत. बारावीची परीक्षा याच महिन्यात सुरू होते. रविवारी पेपर नसला तरी अभ्यासाच्या घरांसमोर ध्वनिक्षेपक नको. महाशिवरात्रीही याच सुमाराला येते, २०२६ मध्ये तर ती नेमकी १५ फेब्रुवारीलाच आली. त्या दिवशी त्र्यंबक रोड विसरा. जानेवारीत शहरात मविप्रची (मराठा विद्या प्रसारक समाज) मॅरेथॉन असते, तिच्यापासून किमान तीन आठवड्यांचं अंतर ठेवा. तेच धावणारे, तेच स्वयंसेवक आणि तेच प्रायोजक असतात.

## टप्पा ४: मार्ग आणि मोजणी (१० आठवडे आधी)

रामकुंड आणि गोदाघाट फोटोत सुंदर दिसतात, पण धावेला चुकीचे. दगडी फरशी ओली असते, पायऱ्या अचानक येतात, आणि पहाटे स्नानाला आलेल्या भाविकांच्या मधून पळणं त्यांनाही त्रासाचं. रुंद, दुभाजक असलेला, रविवारी सकाळी रिकामा रस्ता शोधा. सुरुवातीला आणि शेवटाला मैदान हवं. गोल्फ क्लब मैदान म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान सोयीचं वाटतं, पण तिथे सकाळी फिरायला येणाऱ्यांचीच गर्दी असते. त्यांचा ट्रॅक अडवायचा नाही, हे आधीच ठरवा.

मार्ग आखताना फेरी अशी ठेवा की सगळी वळणं डावीकडे येतील. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात. धावणारे डाव्या कडेने गेले आणि डावीकडेच वळले, तर त्यांना वाहनांचा प्रवाह कुठेच ओलांडावा लागत नाही. पाच किलोमीटरची एक फेरी आखा आणि १० किलोमीटरसाठी तीच दोनदा. पाण्याची ठिकाणं, स्वयंसेवक, पोलीस सगळे निम्म्यावर येतात. जाऊन-परत मार्ग घेतलात तर दुभाजकातून पलीकडे पाठवू नका. त्याच बाजूला शंकू लावून दोन पट्टे करा.

मोजणी: घड्याळातल्या जीपीएसवर अंतर ठरवू नका. वळणांवर, झाडांखाली आणि उंच इमारतींजवळ ते चुकतं. सायकलने मोजा:

1. सरळ रस्त्यावर पोलादी टेपने ३०० मीटर आखा.
2. त्यावरून चार वेळा सायकल चालवा, पुढच्या चाकाचे फेरे मोजा, सरासरी काढा. चाकाला काउंटर असेल तर उत्तम.
3. लगेच त्याच सकाळी मार्ग मोजा. ऊन वाढलं की टायरमधली हवा फुगते आणि फेऱ्याचं अंतर बदलतं.
4. वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटरवरून, धावणारा घेईल त्या सर्वांत जवळच्या रेषेने चालवा.
5. हिशेबात ०.१ टक्का जादा धरा: ५ किलोमीटरला ५ मीटर, १० ला १० मीटर. यामुळे मार्ग कमी भरत नाही.
6. प्रत्येक किलोमीटरला रंगाची खूण करा आणि जवळच्या विजेच्या खांबाचा क्रमांक वहीत लिहा. खूण पुसली तरी जागा सापडते.

तपासणी: सिंहस्थाच्या तयारीत शहरात रस्त्यांची कामं चालू आहेत. १५ दिवस आधी आणि पुन्हा आदल्या दिवशी पूर्ण मार्ग सायकलवरून पाहा. उघडी चेंबरं, खोदलेले चर, वाळूचे ढीग यांची यादी करा, आणि पर्यायी फेरी मोजून तयार ठेवा.

## टप्पा ५: परवानग्या (८ आठवडे आधी)

पोलीस आयुक्तालय, वाहतूक शाखा, स्थानिक पोलीस ठाणं, आणि मैदान व फलकांसाठी महानगरपालिका. अर्जाला मार्गाचा नकाशा, वेळापत्रक, प्रत्येक चौकातल्या स्वयंसेवकांची संख्या, रुग्णवाहिकेची सोय आणि संस्थेचं पत्र जोडा. ‘सकाळी धाव आहे’ एवढ्या अर्जावर उलट प्रश्न येतात आणि आठवडे जातात. कोणता रस्ता कितीपासून कितीपर्यंत लागेल, ते मिनिटांत लिहा.

इशारा: रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक लावता येत नाही. साडेपाचला झुंबा सुरू करण्याचा बेत नियमात बसत नाही. सहापर्यंत सूचना तोंडी आणि फलकांवर द्या.

## टप्पा ६: शुल्क आणि खर्च

धाव निधीशिवाय संपते ती इथे. उदाहरणादाखल हिशेब पाहा. दर तुमच्या कोटेशनप्रमाणे बदला.

४०० लोक, शुल्क ४०० रुपये, जमा १,६०,००० रुपये. टी-शर्ट २०० प्रमाणे ८०,०००. पदक ७० प्रमाणे २८,०००. चिप (धावायला लागलेला वेळ नोंदवणारी) आणि बिब ८० प्रमाणे ३२,०००. नाश्ता ५० प्रमाणे २०,०००. झाले १,६०,०००. मंडप, साउंड, रुग्णवाहिका अजून बाकीच आहेत, आणि संशोधनाला शून्य.

आता दुसरा हिशेब. शुल्क २००, जमा ८०,०००. साधा बिब ६,०००, नाश्ता २०,०००, पाणी आणि पेले १०,०००, रुग्णवाहिका व प्रथमोपचार १०,०००, साउंड, छोटा मंडप, शंकू २४,०००, छपाई ५,०००. एकूण ७५,०००, हाताशी ५,०००. टी-शर्ट ज्याला हवा त्याने वेगळे पैसे भरून घ्यावा, आणि त्याची मागणी नोंदणी बंद झाल्यावरच द्यावी. आधी अंदाजाने मागवले की मोठ्या मापांचे ढीग उरतात आणि ‘मीडियम’ संपतात.

शुल्कातून निधी उभा करायचा नसतोच. शुल्काने खर्च भागवा. निधी येतो तो धावणाऱ्याच्या ओळखीतून. चारशेपैकी शंभर जणांनी प्रत्येकी २,००० रुपये आपल्या माणसांकडून मिळवले तरी दोन लाख होतात, आणि ते पूर्णच्या पूर्ण संस्थेला जातात.

## टप्पा ७: देणगी मागणं (६ आठवडे आधीपासून)

धावणाऱ्याला ‘निधी गोळा करा’ एवढं सांगून चालत नाही. प्रत्येकाला २० नावांची यादी करायला लावा: घर, कार्यालय, सोसायटी, जुने वर्गमित्र. संदेश प्रत्येकाला वेगळा पाठवायचा. ग्रुपवर टाकलेल्या संदेशाला हात जोडणारे येतात, पैसे येत नाहीत. संदेशात चार गोष्टी असाव्यात: मी किती धावणार, पैसे कोणत्या संशोधनाला जाणार, ठरावीक रक्कम आणि संस्थेचा दुवा.

‘दर किलोमीटरला अमुक रुपये’ हा प्रकार आपल्याकडे टाळा. धाव झाल्यावर वसुलीला फिरावं लागतं आणि निम्मे शब्द हवेत राहतात. धावेच्या आधी भरलेली ठरावीक रक्कमच खरी.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडे जायचं तर निमा, आयमासारख्या उद्योजक संघटनांमार्फत जा. कंपनीचा सीएसआर म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी हवा असेल तर संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी क्रमांक असावा लागतो. तो पहिल्याच पत्रात द्या. धावेच्या खर्चासाठी प्रायोजक आणि संशोधनासाठी सीएसआर, ही दोन वेगळी मागणीपत्रं ठेवा.

रोख पेटी ठेवलीच तर कुलूप, सील आणि मोजताना तीन माणसं. मोजणीच्या कागदावर तिघांच्या सह्या घ्या आणि पेटी उघडली त्याच आठवड्यात रक्कम संस्थेत भरा.

## टप्पा ८: उपचार घेणारी मुलं आणि त्यांची घरं

याबाबत तडजोड नको. केमोथेरपी चालू असलेल्या मुलाच्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, आणि साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. त्याला गर्दीत बोलावू नका, व्यासपीठावर तर नाहीच. बऱ्या झालेल्या मुलाला स्वतःला यायचं असेल, आईवडिलांची इच्छा असेल आणि डॉक्टरांनी होकार दिला असेल, तरच. तेव्हाही त्याच्या हातात माईक देऊन ‘तुझी कहाणी सांग’ म्हणायचं नाही.

केस गेलेल्या मुलांचे फोटो फ्लेक्सवर लावू नका. ते मूल उद्या शाळेत परत जाणार आहे. नाव, फोटो, आजाराचा प्रकार यांतलं काहीही पालकांच्या लेखी संमतीशिवाय वापरायचं नाही, आणि संमती मागे घेतली की लगेच काढून टाकायचं. ‘झुंज हरला’ असे शब्द निवेदकाच्या कागदावर नकोत. समोर मूल गमावलेले आईवडील उभे असू शकतात.

## टप्पा ९: पाणी आणि वैद्यकीय सोय

समजा १० किलोमीटरला १००, ५ ला २०० आणि ३ ला १०० लोक आहेत. पाणी दर अडीच किलोमीटरवर, प्रत्येक वेळी १५० मिलिलिटर. दहावाल्यांना तीनदा म्हणजे ४५ लिटर, पाचवाल्यांना एकदा म्हणजे ३० लिटर, शेवटी सगळ्यांना अर्धा लिटर म्हणजे २०० लिटर. एकूण २७५. चौथा हिस्सा वाढवून ३४४, म्हणजे २० लिटरचे १८ जार. स्वयंसेवकांसाठी दोन वेगळे. प्लॅस्टिकच्या पेल्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. कागदी किंवा स्टीलचे घ्या. टेबल एकच असेल तर पहिल्या दोन मिनिटांत कोंडी होते. तीन टेबलं एकामागे एक, दहा-दहा पावलांवर मांडा.

ओआरएसची पुडी एक लिटरसाठी असेल तर एक लिटरातच घालायची. ‘जरा स्ट्राँग’ केलेलं ओआरएस उलटी आणि जुलाब करवतं.

लोक कोसळतात ते बहुतेक शेवटच्या टप्प्यात किंवा रेषा ओलांडल्यावर. म्हणून मुख्य रुग्णवाहिका शेवटाजवळ ठेवा, आणि तिची बाहेर जायची वाट धावणाऱ्यांच्या पट्ट्यातून नको. १०८ पाठीशी आहेच, पण तिच्यावरच विसंबून राहू नका. एईडी (बंद पडणाऱ्या हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) मिळवा. किमान दहा स्वयंसेवकांना सीपीआर (हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबणं) शिकवा: मिनिटाला १०० ते १२० दाब, छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली. पदकं आणि नाश्ता रेषेपासून ८० ते १०० मीटर पुढे ठेवा, म्हणजे लोक आपोआप चालत राहतात. धावून एकदम थांबलं की रक्त पायांत साचतं आणि चक्कर येते.

प्रत्येक बिबच्या मागे नाव, रक्तगट, घरचा फोन. बिब वाटताना समोर लिहून घ्या, घरी कुणी लिहीत नाही.

## टप्पा १०: त्या दिवशीचं वेळापत्रक

फेब्रुवारीच्या मध्यात नाशिकला सूर्य सातच्या सुमारास उगवतो. पहिल्या काही मिनिटांत चौकातल्या स्वयंसेवकांना चकाकणारी जॅकेटं आणि विजेऱ्या हव्यातच.

- ४:३० शंकू, टेबलं, खुणा. मार्गप्रमुख सायकलवरून शेवटची फेरी मारतो.
- ५:४५ सर्व चौक भरले का, फोनवर हजेरी. एकही चौक रिकामा असेल तर धाव सुरू करायची नाही.
- ६:१५ सूचना, हलका व्यायाम. भाषण नाही.
- ६:४५ १० किलोमीटर. पुढे एक सायकल.
- ७:०० ५ किलोमीटर.
- ७:१५ ३ किलोमीटर, चालणारे आणि कुटुंबं.
- ८:१५ १० किलोमीटरची मुदत संपते. सर्वांत मागे दोन स्वयंसेवक आणि एक गाडी.
- ८:३० रस्ता मोकळा, पोलिसांना कळवणं.

इशारा: १० किलोमीटरचा वेगवान धावपटू ७:२० च्या आसपास परत येतो. नेमके त्याच वेळी तीन किलोमीटरवाले आजी-नातू रस्त्याच्या मध्यभागी असतात. तीन किलोमीटरची फेरी वेगळ्या दिशेला पाठवा. ते जमत नसेल तर शेवटचे ३०० मीटर दोरी बांधून दोन पट्टे करा.

मान्यवरांचं बोलणं ८:३० नंतर, नाश्त्याच्या वेळी ठेवा. घाम वाळलेल्या माणसांना थंडीत उभं करून सत्कार करू नका.

## टप्पा ११: हिशेब आणि पाठपुरावा

धाव झाल्यावर १५ दिवसांत एका पानावर हिशेब मांडा: शुल्क किती जमलं, कुठे खर्चलं, शिल्लक किती, आणि संस्थेकडे थेट किती देणग्या पोहोचल्या. शेवटचा आकडा संस्थेच्या पत्रावरूनच घ्यायचा, स्वतःच्या अंदाजाने नाही. शुल्कातली शिल्लक संस्थेत भरून तिची पावती त्याच पानाला जोडा. हे पान प्रत्येक नोंदणीकृत धावपटूला पाठवा, आणि ४१-सी ची परवानगी घेतली असेल तर तिच्यात दिलेल्या मुदतीत धर्मादाय कार्यालयातही द्या.

फ्लेक्स त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत उतरवा. ज्यांना करसवलतीचं प्रमाणपत्र मिळालं नाही त्यांची यादी जूनमध्ये संस्थेला पाठवा. बहुतेक वेळा पॅनचा एखादा अंक चुकलेला असतो.

पहिल्या पत्रात मागितलेला वापराचा अहवाल ठरलेल्या महिन्यात आला नाही तर पुन्हा मागा. तो आला की, त्यात लिहिलेलं काम किती का छोटं असेना, जसाच्या तसा प्रत्येक देणगीदाराला पाठवा. पुढच्या वर्षीची नोंदणी त्यानंतरच उघडा.